मनातला व्यभिचार म्हणजे नेमकं काय? (मत्तय ५:२८ आणि रोजचा संसार)

ओंबी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग चालतात. घरखर्च, दोन्हीकडचे नातेवाईक, मुलंबाळं हे विषय इतरांनी वाटून घेतलेत. वैवाहिक निष्ठा आणि वासनेपासून मन राखणं हा विषय या खेपेला माझ्या वाट्याला आलाय.

सुरुवातीला बायबलमधल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला उतारा वाचला, मत्तय ५:२७ ते ३०. व्यभिचार करू नको हे तुम्ही ऐकलंय, पण जो परस्त्रीकडे कामेच्छेने पाहतो त्याने मनात व्यभिचार केलाच आहे, असं येशू म्हणतो. वाचून होतंय तोच एका मुलाने विचारलं, "ताई, नजर जाते. मन चाळवतं. हे रोजचंच आहे. म्हणजे मी रोज व्यभिचार करतो का? आणि तसं असेल तर वेदीपुढे शपथ कुठल्या तोंडाने घ्यायची?" वर्ग संपल्यावर त्याच्या होणाऱ्या बायकोने मला बाजूला घेतलं. तिचा प्रश्न वेगळा होता : "लग्नानंतर त्याचा फोन मी बघितला तर चालेल का?"

दोघांनीही मनापासून विचारलंय. 'प्रार्थना करा, सगळं ठीक होईल' एवढ्यावर मला त्यांची बोळवण करायची नाही.

माझं मत आधीच सांगते. येशूने नियम आणखी कडक केला असं आपण म्हणतो, पण मला वाटतं त्याने जबाबदारी बघणाऱ्याच्या पदरात टाकली. हात लावला की नाही, पकडला गेला की नाही, हे सगळं मागे पडतं आणि 'तू समोरच्या माणसाकडे काय म्हणून बघतोस' एवढंच उरतं. हे पटतं का? आणि वर्गात कसं मांडाल?

पाखरू

वाचतेय. आमच्याकडे या विषयावर कुणी तोंडच उघडत नाही. सगळं लग्नानंतर आपोआप कळेल म्हणतात आणि कळायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

वाटाड्या

ओंबीताई, त्या मुलासाठी २ शमुवेल ११ काढा आणि सावकाश वाचा. घाईने वाचलं की राजा दावीद आणि त्याने बोलावून घेतलेली परस्त्री बथशेबा एवढंच हाती लागतं.

राजे लढाईला निघतात तो हंगाम आहे. फौज गेलीय, दावीद मात्र यरुशलेमेत राहिलाय. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरतोय. तिथून एक बाई न्हाताना दिसते. इथवर काय झालं? दिसली, एवढंच. मग तो माणूस पाठवून चौकशी करतो. उत्तर येतं : ती अलीयामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको. कुणाची तरी लेक, कुणाची तरी बायको, तीही नावानिशी. उरीया तर दावीदाच्या निवडक वीरांपैकी एक, त्याचं नाव २३ व्या अध्यायातल्या यादीत आहे. एवढं ऐकूनही तो माणसं पाठवून तिला आणवतो.

दिसणं आणि आणवणं यांच्यात पुष्कळ वेळ होता. निरोप्या जाऊन आला तेवढा वेळ होता. त्या वेळात दावीद गच्चीवरून खाली उतरू शकला असता. मुलाला हेच सांगा. पहिल्या नजरेचा हिशेब मागत बसू नकोस, त्यानंतर तू काय करतोस ते बघ. चौकशी करायला माणूस पाठवतोस की खाली उतरतोस? आजच्या काळात ही चौकशी म्हणजे तिचं नाव टाकून प्रोफाइल शोधणं आणि जुने फोटो खाली खाली सरकवत जाणं.

बोरूबहाद्दर

वाटाड्या, जुने फोटो सरकवण्यावर +१. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोला चुकून लाइक पडतं तेव्हा दावीदाला त्याचं पाप दाखवून द्यायला आलेल्या नाथान संदेष्ट्याची गरज उरत नाही.

जुनाजाणता

वाटाड्यांचं विवेचन आवडलं. मी आयुष्यभर पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणून सेवा केली, हा उतारा कितीतरी वेळा शिकवला. लोक दोन ठिकाणी अडतात.

पहिलं, 'डोळा उपटून टाक, हात तोडून टाक'. हे अक्षरशः घेणारे लोक झालेत. तिसऱ्या शतकातला विद्वान ऑरिजेन याने तरुणपणी स्वतःला नपुंसक करून घेतलं असं इतिहासकार युसेबियस लिहितो. पुढे ३२५ साली निकाया इथे भरलेल्या चर्चच्या पुढाऱ्यांच्या परिषदेने अगदी पहिलाच नियम असा केला की धडधाकट असताना स्वतःचा अवयव कापून घेणाऱ्याला पाळकवर्गात स्थान नाही. शरीराचा तुकडा कापल्याने वासना कापली जात नाही हे मंडळीला तेव्हाच कळलं होतं. एक डोळा काढला तरी दुसरा उरतो, आणि दोन्ही गेले तरी आठवण उरते. येशूचं बोलणं हे निकडीचं बोलणं आहे. पापाकडे नेणारी जी वाट तुला ओळखीची आहे ती बंद कर, प्रिय असली तरी बंद कर, आणि आज बंद कर.

दुसरं म्हणजे त्या मुलाचा प्रश्न. याकोबाच्या पत्रात १:१४-१५ मध्ये क्रम दिलाय. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलतो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला. ओढ जाणवणं ही परीक्षा झाली. परीक्षा खुद्द ख्रिस्ताचीही झाली, सर्व प्रकारे झाली, तरी तो निष्पाप राहिला, असं इब्री ४:१५ सांगतं. परीक्षा होणं हेच पाप असतं तर हे वचन खोटं ठरलं असतं. पाप सुरू होतं ते मन त्या ओढीला 'ये, बस' म्हणतं तेव्हा.

थॉमस_प

जुनाजाणतांना अनुमोदन. इजिप्तच्या वाळवंटातल्या जुन्या संन्याशांनी हे फार बारकाईने बघितलं होतं. इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने माणसाला छळणारे आठ विचार नोंदवले, त्यात खादाडपणा, लोभ, राग, गर्व यांच्याबरोबर कामविचारही आहे. हे विचार येऊन आपल्याला छळतील की नाही ते आपल्या हातात नाही, पण ते मनात मुक्काम करतील की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे, असं त्याचं म्हणणं. तो एकांतात राहणारा संन्यासी होता हे लक्षात घ्या. समोर कुणी बाई नसतानाही विचार येतच होते. म्हणजे त्याचं मूळ समोरच्या व्यक्तीत नाही.

अवांतर : आमच्या कॅथलिक मोजणीत 'व्यभिचार करू नको' ही सहावी आज्ञा आहे, लुथरन मंडळीतही सहावीच. बाकीचे बहुतेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स तिला सातवी म्हणतात. वर्गात दोन्हीकडची मंडळी असतील तर क्रमांक न सांगता आज्ञाच सांगा, नाहीतर अर्धा तास त्यातच जाईल.

बोरूबहाद्दर

क्रमांकाचं सोडा, आज्ञा तरी नीट छापायला हवी. १६३१ साली लंडनमध्ये राजाच्या छापखान्याने काढलेल्या बायबलच्या आवृत्तीत निर्गम २०:१४ मधला 'नको' हा शब्दच गळला होता. 'व्यभिचार कर' अशी आज्ञा छापून बाहेर पडली! छापखानेवाल्यांना ३०० पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट केल्या. थोड्या प्रती उरल्यात, संग्रहालयवाले जपून ठेवतात.

पाखरू

@बोरूबहाद्दर 😂 मुद्रितशोधकाच्या नोकरीला एवढं महत्त्व कधी आलं नसेल.

मीनल_क

हसून झालं असेल तर एक गंभीर गोष्ट लिहिते.

आतापर्यंतचे प्रतिसाद चांगले आहेत, पण जवळजवळ सगळे बघणाऱ्याच्या मनाबद्दल आहेत. जिच्याकडे बघितलं जातं तिचं काय? तरुणांच्या सभेत मी जे ऐकत वाढले ते असं : मुलींनो, तुमच्या कपड्यांमुळे भाऊ अडखळतात. मुलगे मागच्या बाकांवर बसून ऐकायचे आणि आम्ही माना खाली घालून. बाराव्या-तेराव्या वर्षी स्वतःच्या शरीराची लाज वाटायला लागली. ती लाज लग्नानंतरही गेली नाही, नवऱ्याजवळ असतानाही गेली नाही. या शिकवणीची किंमत आमच्या संसाराने मोजली.

आणि मत्तय ५:२९ मध्ये काय आहे? तुझा उजवा डोळा तुला पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक. तुझा डोळा. तिला झाक, तिला घरात ठेव, तिला मागे बसव, असं येशू म्हणत नाही. ज्या काळात असं म्हणणं अगदी सोपं होतं त्या काळात तो ते म्हणत नाही. ओंबी, तुझं 'बघणाऱ्याच्या पदरात जबाबदारी' हे मला शंभर टक्के पटतं, पण वर्गात ते मुलींच्या समोर मोठ्याने म्हण. कुणीतरी म्हणायलाच हवं.

धीर_धरा

मीनलताई, त्रास समजतो. पण १ तीमथ्य २:९ मध्ये स्त्रियांनी मर्यादशील वेष करावा असंही आहेच ना? एकतर्फी व्हायला नको.

मीनल_क

@धीर_धरा, वचन पुढे वाचा. केस गुंफणं, सोनं, मोती, मोलवान वस्त्रं, या गोष्टींची नावं तिथे आहेत. उपासनेत श्रीमंतीचं प्रदर्शन करू नका हा रोख आहे. मर्यादा सगळ्यांनीच पाळावी, माझी हरकत नाही. पण एकाच्या वासनेचं खापर दुसऱ्याच्या कपड्यांवर फोडायला हे वचन वापरता येत नाही.

धीर_धरा

हे असं कधी वाचलं नव्हतं. पुन्हा वाचतो.

सहज_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला म्हणून विचारतो. जुनाजाणतांनी दिलेला याकोबाचा क्रम वाचून गीतेचा दुसरा अध्याय आठवला : विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि शेवटी बुद्धिनाश. दोन्हीकडे पडझड चिंतनापासूनच सुरू होते. माझा प्रश्न असा, की तुमच्याकडे इच्छाच वाईट मानतात का? इच्छा मारायची की तिला दिशा द्यायची?

थॉमस_प

@सहज_वाचक, छान प्रश्न. इच्छा वाईट नाही. बायबलमध्ये गीतरत्न नावाचं आख्खं पुस्तक प्रियकर-प्रेयसीच्या ओढीवर आहे, केस, डोळे, ओठ, सगळं वर्णन त्यात आलंय. नीतिसूत्रांचा पाचवा अध्याय परस्त्रीपासून दूर राहा म्हणतो आणि लगेच म्हणतो, तुझ्या तारुण्यातल्या पत्नीत आनंद मान, तिच्या प्रेमाने सदा मोहित राहा. नुसती मनाई करून तो थांबत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांमधून शरीर आणि विवाह यावर लांबलचक प्रवचनमाला दिली. ८ ऑक्टोबर १९८० च्या प्रवचनात ते म्हणाले की पुरुष स्वतःच्या पत्नीशीही मनात व्यभिचार करू शकतो, तिला केवळ आपली वासना भागवण्याची वस्तू मानत असेल तर. त्यावरून जगभरच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. लग्नाच्या बायकोशी कसला व्यभिचार, असं लोक विचारायला लागले. मला स्वतःला मत्तय ५:२८ खऱ्या अर्थाने तिथे उलगडलं. वासना म्हणजे ओढीचं प्रमाण जास्त होणं नव्हे. माणूस बाजूला पडून नुसतं शरीर उरतं, ते बघणं म्हणजे वासना. लग्नाचा दाखला हातात असला म्हणून ती नजर आपोआप शुद्ध होत नाही.

तेजस्विनी_०७

थॉमस, हे लिहिलंत म्हणून बोलायचं धाडस करते. १ करिंथ ७ चा वापर बायकांवर कसा होतो ते पुरुषांना माहीत नसतं. 'एकमेकांस वंचित करू नका' एवढं अर्धं वचन मला ऐकवलं गेलं, तेही मी आजारी असताना. म्हणे तू नाही म्हणालीस तर तो बाहेर जाईल आणि पाप तुझ्या माथी.

जुनाजाणता

तेजस्विनी, असं कुणी सांगितलं असेल तर ते हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं सांगणं नव्हे. चौथं वचन पूर्ण वाचा. पत्नीला स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, पतीला आहे, आणि त्याचप्रमाणे पतीला स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, पत्नीला आहे. पहिला अर्धा भाग त्या काळात कुणालाही मान्य होता. दुसरा अर्धा ऐकून करिंथातले नवरे चकित झाले असतील. आणि पाचव्या वचनात जे काही ठरवायचं ते परस्परसंमतीने ठरवायचं आहे. आजारी बायकोवर हक्क सांगायला या वचनात जागाच नाही. व्यभिचाराचं पाप करणाऱ्याचं असतं. ते दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, योसेफाच्या मालकिणीने, पोटीफरच्या बायकोने, त्याच्यावर खोटा आळ घेऊन नेमकं तेच केलं होतं.

थॉमस_प

या समानतेबद्दल थोडी भर. रोमन कायद्यात नवऱ्याने दासीकडे किंवा वेश्येकडे जाणं व्यभिचारात मोजतच नव्हते, दुसऱ्याच्या बायकोशी संबंध आला तरच तो गुन्हा. बायकोची मात्र एक चूकही गुन्हा. सुरुवातीच्या मंडळीने याला सरळ विरोध केला. फाबिओला नावाच्या स्त्रीबद्दल ३९९ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात त्या काळचा ख्रिस्ती विद्वान जेरोम म्हणतो की कैसराचे कायदे वेगळे आणि ख्रिस्ताचे वेगळे, आमच्यात जे स्त्रियांना वर्ज्य ते पुरुषांनाही तितकंच वर्ज्य. फाबिओलाने दुराचारी नवऱ्याला सोडलं होतं. पुढे तिने रोममध्ये आजाऱ्यांसाठी रुग्णालय उभारलं. 'पुरुषांचं असंच असतं' हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये अजून ऐकू येतं. ते कैसराचं आहे, ख्रिस्ताचं नाही.

कंपास

धाग्याला थोडं वेगळं वळण देते. 'सावधगिरी' या नावाखाली होणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलायचंय. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःसाठी काही बंधनं ठरवली. पैशाचा व्यवहार चोख ठेवायचा, आकडे फुगवायचे नाहीत, आणि बायकोखेरीज दुसऱ्या स्त्रीबरोबर एकट्याने जेवायचं, भेटायचं, प्रवास करायचा नाही. त्यांच्या फिरत्या आयुष्यासाठी ते योग्यच असेल, मी दोष देत नाही.

पण मी अभियंता आहे. माझे एक वरिष्ठ चांगले विश्वासणारे गृहस्थ. ते हाच नियम पाळायचे. प्रकल्पाच्या जागेवर जाताना गाडीत माझ्याबरोबर बसायचे नाहीत. जायला चार तास, यायला चार तास. त्या आठ तासांत ते माझ्याबरोबरच्या मुलांना काम शिकवायचे. कंत्राटदाराशी कसं बोलायचं, नकाशातली चूक कशी पकडायची, सगळं गाडीत. ती मुलं पुढे गेली. मी कार्यालयात बसून कागद तयार करत राहिले. माझं काही चुकलं नव्हतं, त्यांच्याही मनात वाईट नव्हतं. पण त्यांच्या शुद्धतेचा खर्च माझ्या पगारातून गेला.

येशू योहान ४ मध्ये विहिरीवर शमरोनी स्त्रीशी एकटाच बोलत बसला. शिष्य परत आले तेव्हा त्यांना नवल वाटलं, पण 'तिच्याशी का बोलतोस' असं कुणी विचारलं नाही. तो तिला टाळून शुद्ध राहिला नाही, तिच्याशी बोलून शुद्ध राहिला.

वाटाड्या

@कंपास, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण नियम पूर्ण मोडीत काढायला मी तयार नाही. येशू निष्पाप होता, आपण नाही. समुपदेशन करताना काचेचं दार, कुणीतरी बाहेर बसलेलं, हे दोघांच्याही रक्षणासाठी असतं. किती सेवकांची घरं 'फक्त बोलत होतो' या शब्दांनी मोडलीत ते मी जवळून बघितलंय. प्रकरण कधीच गाडीत सुरू होत नाही, ते 'तूच मला समजून घेतेस' या वाक्यापाशी सुरू होतं.

कंपास

मग त्या वाक्यावर बंधन घाला ना! गाडीवर कशाला? आणि समुपदेशनाचं म्हणाल तर काचेचं दार मलाही हवंच आहे. माझं म्हणणं एवढंच की जो नियम कराल तो सगळ्यांना सारखा लागू करा. बाईबरोबर एकट्याने प्रवास नाही, तर पुरुषाबरोबरही नाही. म्हणजे शिकायची संधी कुणा एकाचीच जाणार नाही.

वाटाड्या

हे रास्त आहे. सगळ्यांना सारखा नियम, मान्य.

आणि त्या वाक्याबद्दल : घरात बायकोला जे सांगत नाही ते दुसरीला सांगायला लागलो, तिच्या निरोपाची वाट बघायला लागलो, तो वाचून झाल्यावर पुसायला लागलो, की समजावं पाऊल घसरलंय. शरीराचा संबंध आलेला नसतो म्हणून माणूस स्वतःला निर्दोष समजतो. मलाखी २:१४ मध्ये पत्नीला सोबतीण आणि कराराची पत्नी म्हटलंय, आणि परमेश्वर त्या कराराचा साक्षी आहे. सोबत दुसऱ्याला देऊन टाकली तर करार तिथेच मोडला.

अनामिका_५

या धाग्यासाठी नवीन आयडी घेतलाय. ओंबीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला, फोनच्या प्रश्नाला, उत्तर द्यायचंय.

माझा नवरा अश्लील चित्रफिती बघायचा. रात्री न्हाणीघराच्या दाराखालून निळसर उजेड दिसायचा, पाण्याचा आवाज मात्र नसायचा. आधी वाटलं काम असेल. कळलं त्या दिवशी मला राग आला नाही, थंडी भरून आल्यासारखं झालं. वाटलं, माझ्यात काय कमी आहे? मंडळीतल्या एका जबाबदार व्यक्तीने सल्ला दिला, तू जरा त्याच्याकडे जास्त लक्ष दे. म्हणजे तेही माझ्याच गळ्यात.

मग मी फोन तपासायला लागले. तो आंघोळीला गेला की तपासायचा, झोपला की तपासायचा. काही सापडलं तर जीव जायचा आणि नाही सापडलं तर वाटायचं, पुसून टाकलं असेल. या तपासण्याने आमच्यातलं काहीही सुधारलं नाही. त्याचं लपवणं सराईत झालं, आणि मला झोप येईनाशी झाली.

बदल झाला तो त्याने स्वतःहून तोंड उघडल्यावर. मंडळीतल्या एका वयस्कर काकांना त्याने सगळं सांगितलं, आणि नंतर माझ्यासमोर बसून मलाही. काका आजही त्याला नेमाने फोन करतात आणि आडवळण न घेता विचारतात. घरातले सगळे फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतात, माझासुद्धा. एकटेपणा आला, ताण आला की त्याला ओढ लागते हे त्याने समुपदेशकाकडे जाऊन ओळखलं. आता तो म्हणतो, आज दिवस वाईट गेला, माझ्याजवळ बस. मी बसते. नवऱ्याची हवालदार व्हायला मी लग्न केलं नव्हतं, आणि ती नोकरी मी सोडली.

क्षमा केली का? हो. विश्वास लगेच परत आला का? नाही, आणि त्यासाठी मला कुणी घाई केलेली चालणार नाही.

त्या मुलीला सांगा, फोन दोघांचाही उघडा असू दे, पण तुला तो तपासावासा वाटतो त्या दिवशी फोनकडे जाऊ नकोस, त्याच्याकडे जा आणि विचार.

मीनल_क

अनामिका, तुझ्यात काहीच कमी नव्हतं. हे शंभर वेळा लिहायला तयार आहे.

धीर_धरा

अनामिकाताई, त्या काकांसारखं कुणीतरी प्रत्येक मंडळीत हवं. 'आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा' हे याकोब ५:१६ आम्ही फक्त वाचतो.

एकाकी_वाट

सगळी चर्चा लग्न झालेल्यांची चाललीय. मी विधुर आहे. लोक समजतात की पत्नी गेली, वय झालं, आता या माणसाला मोह कसला? मोह जात नाही, आणि त्याबद्दल बोलायला कुणी उरत नाही. निष्ठेची शपथ मृत्यूपर्यंत होती, ती पाळून झाली. पण पौल १ थेस्सल ४ मध्ये 'आपले शरीर पवित्रतेने व सन्मानाने ठेवावे' म्हणतो ते प्रत्येकाला लागू आहे, नवरा-बायको असोत नसोत. मला पोटीफरच्या घरी दास असलेल्या योसेफाचा आधार वाटतो. तोही एकटाच होता, परक्या देशात, घरचं कुणी बघायला नाही. मालकीण रोज मागे लागायची. त्याने दोन गोष्टी सांगितल्या : तुझ्या नवऱ्याने माझ्यावर विश्वास टाकलाय, आणि मी देवाविरुद्ध पाप कसं करू? मग झगा तिच्या हातात सोडून पळाला. आणि बक्षीस काय मिळालं, तर तुरुंग. तरुणांना हेही सांगा, की शुद्ध राहिलात तर लगेच सगळं छान होईल असं वचन नाही.

पाखरू

एकाकी_वाट काका, तुमचा प्रतिसाद मी माझ्या वडिलांना दाखवणार आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. हे असं काही त्यांना विचारावं हे कधी सुचलंच नव्हतं.

ओंबी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गात काय करणार ते लिहिते, चुकत असेन तर सांगा.

मुलाच्या प्रश्नासाठी दावीदाची गच्ची घेणार. याकोबाचा क्रम त्याच्या शेजारी ठेवणार. त्याला सांगणार की नजर गेली म्हणून तू व्यभिचारी ठरत नाहीस, पण 'सगळ्यांचंच असं असतं' म्हणून मोकळाही होत नाहीस. निरोप्या पाठवलास की जबाबदारी सुरू. आणि शपथ घ्यायचीच. ईयोब ३१:१ मध्ये ईयोबाने डोळ्यांशी करार केला होता. डोळे ऐकत नाहीत हे माहीत असणाराच करार करतो.

मीनल, तुझं म्हणणं मुलींच्या समोर, मोठ्याने आणि पहिल्या दहा मिनिटांत. तेजस्विनी, १ करिंथ ७ चं चौथं वचन दोन्ही बाजूंनी वाचून घेणार, एक भाग मुलांकडून आणि दुसरा मुलींकडून. फोनचं उत्तर अनामिकांचंच, त्यांची परवानगी असेल तर.

एका गोष्टीचं कोडं सुटलेलं नाही. हे सगळं जोडप्यांना एकत्र बसवून विचारायचं की वेगवेगळं? एकत्र बसले की मुलगे गप्प होतात.

अनामिका_५

परवानगी आहे. आयडी मात्र सांगू नका.

जुनाजाणता

आधी वेगवेगळं बसवा. मुलांच्या गटाला बोलतं करायला लग्नाला बरीच वर्षं झालेला एखादा पुरुष द्या, पाळक नको, पाळकासमोर सगळे साधू होतात. प्रत्येकाला कागद द्या आणि लिहायला सांगा : माझं मन कुठे आणि कोणत्या वेळी घसरतं, आणि त्या वेळी मी कुणाला फोन करू शकतो. नाव लिहायचं. आईचं आणि होणाऱ्या बायकोचं नाव चालणार नाही. कागद गोळा करू नका, त्यांच्याच खिशात राहू द्या. मग एकत्र बसवून दोघांना एवढंच बोलायला सांगा, की कागदावर नाव लिहिता आलं का.

धीर_धरा

आणि नाव सुचलंच नाही तर?

जुनाजाणता

मग लग्नाची तारीख येईपर्यंत मंडळीने त्याला तसा माणूस शोधून द्यायचा. ओंबी, यादी करायला घ्या. माझं नाव घाला.

वाटाड्या

माझंही.